फाट्यावरचा पाहुणा

नांदेडहून निघालेला रस्ता अर्धापूर मागे टाकून वारंगा फाट्याला येतो आणि तेथे दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली करीत वाशीम-अकोल्याकडे जाते. दुसरी हदगाव, उमरखेड, महागावमार्गे यवतमाळ आणि नागपूर गाठते. उलट दिशेने पाहावे तर हाच रस्ता नांदेडवरून देगलूर ओलांडून थेट हैदराबादेपर्यंत, म्हणजे जुन्या गोवळकोंड्याच्या वेशीपर्यंत जातो. फाटा म्हणजे कोणाचेच गाव नव्हे आणि तरीही सर्वांचेच गाव. येथे उतरणारा माणूस बहुधा पुढच्या गाडीची वाट पाहणारा असतो. वारंग्याची गरम खिचडी प्रवाशांच्या ओळखीची आहे. ती खाऊन होते, तोवर गाडी येते आणि फाटा माणसाला विसरून जातो.

एका रात्री मात्र आमची गाडी आलीच नाही. आम्ही तेव्हा नवदीक्षित होतो. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन (१ मे १९९९) फार दिवस झाले नव्हते. पाऊस होता, शेवटची एसटी वाटेत बंद पडल्याचे कळले आणि खिशात परतीच्या तिकिटापुरतेच पैसे होते. एका खिचडीवाल्याने आमच्याकडे पाहिले, नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, पत्र्याखाली बाज टाकली, वर घोंगडी दिली आणि म्हणाला, “पडा भाऊ, पहाटची गाडी आली की उठवतो.” पहाटे त्याने उठवले. खिचडीचे पैसे घेतले, बाजेचे घेतले नाहीत. “बाज काय इकायला ठेवलीया व्हय?” एवढेच तो बोलला.

हा प्रसंग आज सांगण्याचे कारण असे की आमच्या धर्मग्रामातील जुन्या मिशन बंगल्याविषयी एक प्रस्ताव आला आहे. दगडी भिंती, सागवानी तुळया, रुंद ओसरी अशी ही वास्तू डागडुजीअभावी खचत चालली आहे. एका व्यावसायिकाने ती दीर्घ मुदतीच्या भाड्याने मागितली असून तिचे निवडक पाहुण्यांसाठी ‘हेरिटेज’ निवासस्थान करण्याचा त्याचा मानस आहे. छपराची दुरुस्ती होईल, वर्षाला ठराविक रक्कम मिळेल, त्यातून मुलींच्या वसतिगृहाचा खर्च भागेल. धर्मग्राम सभेत दोन तट पडले. एक म्हणतो, पवित्र वास्तूचा बाजार नको; दुसरा म्हणतो, कोसळलेल्या वास्तूत कसले आले पावित्र्य? उभयतांनी आम्हांस विचारले. आम्ही उत्तर दिले नाही, मुदत मागून घेतली. त्या मुदतीत जे वाचले आणि पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

यजमान आणि पाहुणा

सेमिनरीत लॅटिन शिकताना ‘होस्पेस’ या शब्दाने आम्हांस प्रथम चकविले. त्याचा अर्थ यजमानही होतो आणि पाहुणाही. ‘हॉस्पिटल’, ‘होस्टेल’ आणि ‘हॉटेल’ हे तिन्ही शब्द याच मुळापासून निघाले आहेत. आजारी, विद्यार्थी आणि प्रवासी या तिघांना युरोपात शतकानुशतके एकाच प्रकारच्या छपराखाली जागा मिळे आणि ते छप्पर बहुधा मठाचे असे. सहाव्या शतकात संत बेनेदिक्त यांनी आपल्या संन्याशांसाठी जी नियमावली लिहिली, तिचे ५३वे प्रकरण केवळ पाहुण्यांसाठी आहे. दारी येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत साक्षात ख्रिस्त आला असे मानून करावे, ही त्यातील आज्ञा सर्वपरिचित आहे. तिचा आधार मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात आहे. परंतु त्याच प्रकरणात फारसे उद्धृत न होणारे एक मार्मिक निरीक्षण आहे. गोरगरीब आणि यात्रेकरू यांच्या आदरातिथ्याची विशेष काळजी घ्यावी, कारण श्रीमंताचा मान राखण्यासाठी नियमाची गरज नसते. त्याचा धाकच ते काम करून घेतो, असे संत बेनेदिक्त बजावतात. चौदा शतकांहून अधिक काळ लोटला, पण या निरीक्षणाला गंज चढलेला नाही.

आमच्या या भूमीला आतिथ्य शिकविण्यासाठी कोणा परदेशी मठाची आवश्यकता नव्हती. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांच्या नावाने ओळखले जाते; वारकऱ्यांची दिंडी निघाली की वाटेवरची घरे आपोआप धर्मशाळा होतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला बसणाऱ्याची जात कोणी विचारीत नाही. मात्र याच रस्त्यांना दुसरी बाजूही आहे. निजामाच्या राज्यातील हिंगोलीच्या छावणीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी नांदत होता. तो त्या भागातील ठगांचा म्होरक्या असल्याचे उघडकीस आले, तेव्हा छावणीतले इंग्रज अधिकारी थक्क झाले. कर्नल मेडोज टेलर यांनी हे लिहून ठेवले आहे. ठगांचे शस्त्र रुमाल असे आपण म्हणतो. वस्तुतः त्यांचे पहिले शस्त्र सोबत हे होते. प्रवाशाला धीर देणे, त्याच्याबरोबर जेवणे, त्याच्या शेजारी निजणे, आणि मग गळा आवळणे. परक्याला आसरा देणे हे धोक्याचे काम आहे आणि परक्याचा आसरा घेणे हेही तितकेच धोक्याचे. म्हणूनच ते पुण्याचे मानले गेले.

मठांची हॉटेले

इटलीत आज ज्या जुन्या वास्तूंत मोजक्या खोल्यांची उंची हॉटेले चालतात, त्यांतील कितीतरी एके काळचे मठ आहेत. हे परिवर्तन संन्याशांच्या इच्छेने झाले नाही. नेपोलियनच्या राजवटीत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मठ बंद करण्याचे हुकूम निघाले. पुढे इटलीचे एकीकरण झाल्यावर ७ जुलै १८६६ च्या कायद्याने नव्या राज्याने व्रतस्थांच्या संस्थांची मान्यता काढून घेतली आणि त्यांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या. १८७३ साली हाच कायदा रोमला लागू झाला. रिकाम्या झालेल्या वास्तूंत छावण्या, शाळा, तुरुंग, इस्पितळे आली. काहींच्या वाट्याला प्रवासी आले.

अमाल्फी येथील ज्या मठाची स्थापना परंपरेने संत फ्रान्सिस यांच्याशी जोडली जाते, तो एकोणिसाव्या शतकातच हॉटेल झाला. नॉर्वेचे नाटककार इब्सेन १८७९ साली अमाल्फीत राहिले ते येथेच. तेव्हा त्यांच्या हाती जे नाटक होते, ते मराठी रसिकांना अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मुळे परिचित आहे. घर सोडून जाणाऱ्या स्त्रीचे नाटक, ज्यांना आपले घर सोडावे लागले त्या संन्याशांच्या मठात लिहिले जावे, हा योगायोग विचार करायला लावतो. सिसिलीतील ताओर्मिना येथील संत दोमिनिक यांचा मठ १८९६ साली हॉटेल झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनाधिकाऱ्यांनी तेथे तळ दिला आणि जुलै १९४३ मध्ये दोस्तांच्या विमानांनी तेथे बाँब टाकले. मठाचे मंदिर उद्ध्वस्त झाले. हॉटेल मात्र पुन्हा उभे राहिले. व्हेनिसजवळच्या सान क्लेमेंते बेटावर मध्ययुगात यात्रेकरूंसाठी धर्मशाळा होती. पुढे मठ झाला, मग मनोरुग्णांचे इस्पितळ झाले. ते १९९२ साली बंद पडले आणि आज तेथे आलिशान हॉटेल आहे. यात्रेकरू, संन्यासी, वेडे आणि धनिक अशा चौघांनी एकाच बेटावर पाळीपाळीने मुक्काम केला. अशा ठिकाणी एका रात्रीला जे भाडे पडते, ते आमच्या भागातील शेतमजुराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढे असते.

हे वाचताना राग येणे स्वाभाविक आहे. परंतु न्याय्य बुद्धीने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या मठांना कोणी भाडेकरू भेटला नाही, त्यांचे काय झाले? याचे उत्तर शोधण्यासाठी इटलीला जावे लागत नाही. जुन्या गोव्याला गेले तरी पुरते.

गोवळकोंड्याला निघालेले, गोव्यात राहिलेले

जुन्या गोव्यात मांडवीच्या काठाजवळ संत कायेतान यांचे मंदिर आहे. त्याला लागून असलेला मठ थिएटाईन संन्याशांनी, म्हणजे इटालियनांनी बांधला. आज त्या मठात संत पायस दहावे यांच्या नावाची धर्मप्रांतीय पास्टरल संस्था आहे. काही वर्षांपूर्वी ध्यानसाधनेसाठी आम्ही तेथे मुक्कामाला होतो. इटालियन ऐतिहासिक वास्तूत राहण्याचा आमच्या नशिबी आलेला योग तो एवढाच.

या संन्याशांची कथा वारंगा फाट्याशी दूरच्या नात्याने जोडलेली आहे. त्यांचा संघ १५२४ साली रोममध्ये संत कायेतान आणि ज्यां पिएत्रो काराफा यांनी आणखी दोघा सोबत्यांसह स्थापला. काराफा हे कियेती, म्हणजे लॅटिन ‘थिएटे’, येथील बिशप. त्यावरून ‘थिएटाईन’ हे नाव पडले. हेच पुढे पोप पॉल चौथे झाले. संघाचा नियम कडक होता. उत्पन्नाची मालमत्ता बाळगायची नाही आणि भीकही मागायची नाही. दैवी कृपा जे देईल त्यावर राहायचे. पोप अर्बन आठवे यांच्या कारकिर्दीत या संघाचे काही धर्मगुरू, पिएत्रो आविताबिले यांच्या नेतृत्वाखाली, कुतुबशाहीच्या गोवळकोंड्यात शुभवर्तमान सांगण्यासाठी निघाले. गोवळकोंड्यात त्यांना थारा मिळाला नाही. तेव्हा १६४० च्या सुमारास ते गोव्यात स्थिरावले.

गोव्यात तरी त्यांचे स्वागत झाले का? पोर्तुगीजांच्या पाद्रोआदोखाली, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या धर्माश्रयाखाली, न आलेले हे परदेशी. रोमहून परस्पर पाठविलेले. त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले आणि त्यांना निघून जाण्याचा हुकूम झाला. अखेर त्यांच्यातील फादर आंतोनियो आर्दिझोने यांना लिस्बनपर्यंत जाऊन राजा जुआंव चौथे यांची परवानगी आणावी लागली. म्हणजे एका मुसलमान सुलतानाच्या राज्यात जागा नाही आणि एका ख्रिस्ती राजाच्या राज्यातही सहजासहजी जागा नाही, अशी ही फाट्यावरची माणसे होती. त्यांनी जे मंदिर १६६१ पर्यंत पूर्ण केले, त्याचा दर्शनी भाग रोमच्या संत पेत्राच्या महामंदिराचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून रचलेला आहे. मात्र दगड येथलाच, जांभा, आणि वर चुन्याचा गिलावा. हे मंदिर आज संत कायेतान यांच्या नावाने ओळखले जात असले, तरी कायेतान यांना संतपद मिळाले १६७१ साली. मूळ समर्पण दैवी कृपेच्या मातेला आहे. ज्यांना दोन दारांतून परत फिरविले गेले, त्यांना ते नाव किती मनापासून सुचले असेल! पुढे अठराव्या शतकात या मठाने गोमंतकीय तरुणांनाही आपल्या संघात घेतले. स्थानिकांना व्रतस्थ जीवनाची दारे बहुधा बंदच असण्याचा तो काळ होता. पाहुणे म्हणून आलेले आता यजमान झाले होते.

मग १८३४ साल उजाडले. पोर्तुगालमध्ये संन्यस्त संघ बरखास्त करण्याचा हुकूम निघाला आणि १८३५ मध्ये तो गोव्यात अमलात आला. जुने गोवे रोगराईने आधीच ओसाड पडत चालले होते. १८४३ साली राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. मठ रिकामे झाले. त्यानंतर प्रत्येक वास्तूचे काय झाले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. संत ऑगस्टिन यांचा मठ सर्वांत भव्य होता. त्याला कोणी वापरकर्ता लाभला नाही. १८४२ साली मंदिराचे छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. आज उरलेला अर्धा मनोरा लोक फोटो काढण्यासाठी पाहतात. संत मोनिका यांचा मठ १६०६ साली आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या पुढाकाराने स्थापन झाला. नव्या धर्मभगिनी घेण्यास बंदी झाल्यावर तेथील शेवटची धर्मभगिनी १८८५ साली निवर्तली. नंतर तेथे सैनिक राहिले आणि १९६४ पासून पुन्हा धर्मभगिनींच्या शिक्षणाची संस्था आहे. थिएटाईनांचा मठ काही काळ गव्हर्नरांच्या मुक्कामासाठी वापरला गेला. सैनिकांना ना प्रार्थनेची चाड, ना गव्हर्नरांना दारिद्र्यव्रताची. तरी त्यांनी छपरे शाबूत ठेवली, म्हणून पुढे कोणाला तरी परत येता आले. १९८६ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत गोव्यातील मंदिरे आणि मठ घेतले, त्यांत संत कायेतान यांचे मंदिर आहे आणि संत ऑगस्टिन यांचे अवशेषही आहेत. एकाला वास्तू म्हणून स्थान मिळाले, दुसऱ्याला भग्नावशेष म्हणून.

तेरेखोलचा किल्ला

आमच्या प्रश्नाच्या अधिक जवळचे उदाहरण गोव्याच्या उत्तर टोकाला आहे. तेरेखोल नदीच्या पलीकडे, तिन्ही बाजूंनी सिंधुदुर्ग जिल्हा आणि समुद्र अशा जागी तेरेखोलचा किल्ला उभा आहे. तो सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ साली पोर्तुगीजांनी जिंकला. त्यांनी आत मंदिर बांधले, जे आज संत आंतोनी यांच्या नावाने ओळखले जाते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेद आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. गोव्यातील ख्रिस्ती माणूस पोर्तुगीजांचाच, असे म्हणणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे. पुढच्या वर्षी तेरेखोलच्याच सत्याग्रहात हिरवे गुरुजी हुतात्मा झाले. मुक्तीनंतर या किल्ल्यात मोजक्या खोल्यांचे हॉटेल झाले. मध्ये अंगण, अंगणात मंदिर, भोवती पाहुण्यांच्या खोल्या. हॉटेलाच्या काळात मंदिराचे दार एरवी बंद असे. सणाला ते उघडले जाई आणि गावातील श्रद्धावंत आत येत.

येथे आम्ही थबकलो. वास्तू टिकली, मंदिरही टिकले. पण वर्षातील बहुतेक दिवस तेथे राहणारा पाहुणा मंदिराचा नव्हता, आणि मंदिराचे जे गावकरी, ते त्या अंगणात पाहुणे होते. यात कोणाचा गुन्हा नाही. हॉटेलाने कोणाला फसविलेले नाही. तरीही यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे पद हळूहळू उलटे झाले होते.

आमचे उत्तर

आता आमच्या बंगल्याकडे वळू. बंगल्याच्या पावित्र्याची चर्चा सभेत चालली असता आम्ही गप्प राहिलो, त्यास एक कारण होते, आणि ते येथे सांगणे भाग आहे. वारंग्याच्या त्या रात्रीनंतर काही वर्षांनी अशाच एका पावसाळी रात्री या बंगल्याचे दार वाजले. एक जोडपे होते, कडेवर तापाने फणफणलेले मूल होते. तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालेले असताना वाहन बंद पडले होते. त्याच महिन्यात आमच्या सभागृहातील पंखे चोरीला गेले होते. आम्ही खिडकीतूनच सांगितले की सभागृहाची किल्ली आमच्याजवळ नाही. किल्ली आमच्या खिशात होती. ते काही न बोलता गेले. मुलाचे पुढे काय झाले, हे आम्हांस कधीच कळले नाही. पापनिवेदन केले, क्षमा मिळाली. पण थिएटाईनांच्या त्या मठात पहिल्या रात्री झोप लागली नाही, ती उकाड्यामुळे नव्हे. जाड भिंतींच्या त्या खोलीत पडल्या पडल्या वाटत राहिले, की दोन राज्यांनी परत फिरविलेल्या माणसांनी बांधलेल्या छपराखाली आम्ही सुखाने निजलो आहोत, आणि आमच्या स्वतःच्या दारातून मात्र कोणी परत गेले आहे.

तेव्हा ‘पवित्र वास्तूचा बाजार’ हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे पटत नाही. त्या रात्री बंगला कोणी भाड्याने घेतला नव्हता. त्याचे पावित्र्य आम्हीच एका किल्लीने बंद केले होते. वास्तू विकली गेल्याने जेवढी भ्रष्ट होते, तेवढीच ती कुलूप लावल्यानेही होते. उलट ‘कोसळण्यापेक्षा हॉटेल बरे’ हे म्हणणेही अर्धेच खरे. संत ऑगस्टिन यांचा मनोरा आपल्याला छपराची किंमत शिकवितो. तेरेखोलचे अंगण शिकविते की छप्पर वाचले म्हणजे घर वाचलेच असे नाही.

म्हणून धर्मग्राम सभेपुढे आम्ही असे मत मांडणार आहोत. बंगला भाड्याने द्यावा. वसतिगृहातील मुलींचा प्रश्न खरा आहे आणि छपराचाही. परंतु करारात दोन गोष्टी ठळक लिहून घ्याव्यात. ओसरीकडील दोन खोल्या भाडेकरूच्या ताब्यात जाणार नाहीत. त्या दवाखान्यात येणाऱ्या रोग्यांच्या नातलगांसाठी आणि रात्री अडकलेल्या वाटसरूंसाठी राहतील, आणि त्यांचे भाडे कोणाकडूनही घेतले जाणार नाही. दुसरे, प्रार्थनामंदिराकडे जाणारी वाट अंगणातूनच राहील आणि ती दिवसा कधीही बंद होणार नाही. व्यावसायिकाला हे मान्य नसेल, तर छपरासाठी आपण दारोदार फिरू. थिएटाईनांना भीक मागण्याची मनाई होती, आम्हांस नाही.

सभा येत्या महिन्यात आहे. निर्णय सभेचा, आमचा नव्हे. मात्र निर्णय काहीही लागो, त्या दोन खोल्यांपैकी एकीत ठेवण्यासाठी आम्ही एक बाज विणून घेतली आहे. किल्ली दाराबाहेर खिळ्याला टांगलेली राहील.